शिक्षा मारहाणीला की चित्रफितीला?

नामवंत खेळाडूवर बायकोला किंवा मैत्रिणीला मारल्याचा आरोप झाला की दोन दिवसांत दोन फळ्या तयार होतात. एक म्हणते, कोर्ट बघून घेईल, मैदानाचा इथे काय संबंध? दुसरी म्हणते, कायमचा हाकला. मग लीग एक आकडा जाहीर करते, दोन सामने, सहा सामने, तीस सामने, आणि पुढचा सगळा वाद त्या आकड्यावर होतो. कमी दिले, जास्त दिले, अमक्याला इतके तर तमक्याला तितके का? अमेरिकेतल्या लीगांची गेल्या दहा-बारा वर्षांतली प्रकरणं वाचताना माझं मत पक्कं होत गेलं आहे की हा वाद भलत्याच जागी चालला आहे. लीगने कोर्टाच्या निकालासाठी थांबू नये. सामनानिश्चितीचा संशय आला की ती जितक्या गांभीर्याने स्वतः चौकशी करते, तितक्याच गांभीर्याने इथेही करावी. शिक्षा आधी लिहून ठेवलेल्या नियमाने आणि मर्यादित असावी; आजन्म बंदीची मागणी मला मान्य नाही. आज यातलं काहीच होत नाही. आज शिक्षा मारहाणीला होत नाही, मारहाण लोकांना दिसल्याबद्दल होते.

रे राइसचं प्रकरण पाहा. अमेरिकी फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीगमधला (एनएफएल), बाल्टिमोर रेव्हन्सचा हा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू. फेब्रुवारी 2014 मध्ये अटलांटिक सिटीतल्या एका कॅसिनोच्या लिफ्टमध्ये त्याने आपल्या होणाऱ्या बायकोला ठोसा मारला. बेशुद्ध पडलेल्या तिला तो लिफ्टबाहेर ओढतो आहे, ही चित्रफीत काही दिवसांतच सगळीकडे पोचली. जूनमध्ये लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी दोघांना बोलावून घेतलं, आणि तिला जे विचारायचं ते तिच्या शेजारी, तोवर नवरा झालेल्या राइसला बसवूनच विचारलं. जुलैमध्ये शिक्षा जाहीर झाली: दोन सामने. ओरड झाली तेव्हा ऑगस्टअखेर गुडेल यांनी आपलं चुकल्याचं मान्य केलं आणि पहिल्या गुन्ह्याला सहा सामने असा नवा नियम केला. मग 8 सप्टेंबरला लिफ्टच्या आतली चित्रफीत बाहेर आली. त्याच दिवशी क्लबने राइसचा करार संपवला आणि लीगने त्याला बेमुदत निलंबित केलं. त्या एका दिवसात नवीन काय कळलं होतं? ठोसा मारल्याचं राइसने आधीच सांगितलं होतं. बाई बेशुद्ध झाल्याचं अख्ख्या देशाने फेब्रुवारीतच पाहिलं होतं. नोव्हेंबरमध्ये निवृत्त संघीय न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी ते बेमुदत निलंबन रद्द केलं, कारण राइसने लीगची दिशाभूल केलेली नव्हती आणि एकाच कृत्याला दोनदा शिक्षा देता येत नाही. मारणाऱ्याच्या बाजूने निकाल गेला म्हणून तेव्हा अनेकांना राग आला. मला तो निकाल योग्य वाटतो. ज्या संस्थेने जुलैमध्ये आपलं काम केलं नाही, तिला सप्टेंबरमध्ये लोक चिडले म्हणून ते नव्याने करण्याचा अधिकार कसा मिळेल?

सहा सामन्यांचा तो नियम पुढे किती टिकला, हे जॉश ब्राउनच्या प्रकरणात दिसलं. न्यूयॉर्क जायंट्सचा हा किकर 2015 मध्ये बायकोला मारहाण केल्याच्या आरोपावरून पकडला गेला. 2016 मध्ये लीगने त्याला एक सामना दिला. सहा नाही, एक. पत्नी आणि पोलीस सहकार्य करत नाहीत, असं कारण सांगितलं. त्याने पूर्वी बायकोला त्रास दिल्याचं स्वतः कबूल केलेलं आहे, हे क्लबला ठाऊक होतं आणि तरीही त्याच्याशी नवा करार केला होता. ऑक्टोबरमध्ये पोलिसांकडची कागदपत्रं प्रसिद्ध झाली. त्यात त्याच्याच हाताने लिहिलेल्या कबुल्या होत्या. काही दिवसांत क्लबने त्याला काढलं, आणि पुढच्या वर्षी लीगने त्याला आणखी सहा सामने दिले. 2018 मध्ये करीम हंटच्या बाबतीत तेच घडलं. क्लीव्हलंडच्या हॉटेलात एका तरुणीला ढकलल्याची, लाथ मारल्याची घटना फेब्रुवारीतली, पोलिसांत नोंद तेव्हाचीच. कॅन्सस सिटी चीफ्सने त्याला काढलं ते 30 नोव्हेंबरला, चित्रफीत बाहेर पडली त्या दिवशी. तीन प्रकरणं, तीन वर्षं, आणि तिन्हीकडे लीगला हलवणारी गोष्ट बाहेरून आली. ज्या बाईला लिफ्टमध्ये नाही, घरातल्या स्वयंपाकघरात मार बसतो, तिच्यासाठी या व्यवस्थेत काय आहे? मारहाण तर बहुतेक वेळा तिथेच होते, जिथे कॅमेरा नसतो.

आता विरोधी बाजू. तिचा सर्वांत जुना मुद्दा असा की गुन्हा ठरवणं हे कोर्टाचं काम आहे आणि लीग म्हणजे शेवटी एक धंदा आहे. ऐकायला हे सरळ वाटतं. पण खेळातल्या संस्थांनी हे तत्त्व स्वतः कधी पाळलं आहे? 1919 च्या बेसबॉल वर्ल्ड सिरीजमध्ये पैसे घेऊन सामने हरल्याचा आरोप शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंवर होता. 2 ऑगस्ट 1921 ला ज्युरीने त्यांच्यापैकी खटला चाललेल्यांना निर्दोष सोडलं. दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी, जे स्वतः न्यायाधीश होते, ज्युरीचा निकाल काहीही असो असं म्हणत आठही जणांना कायमचं बाहेर काढलं. आपल्याकडे 2013 च्या आयपीएल प्रकरणात दिल्लीच्या न्यायालयाने 2015 मध्ये श्रीशांतला दोषमुक्त केलं, पण क्रिकेट मंडळाने बंदी उठवली नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आजन्म बंदी जास्त आहे असं म्हणून शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं. शिस्तभंगाची कारवाई फौजदारी खटल्यापेक्षा वेगळी असते, हे मंडळाचं म्हणणं मात्र मान्य केलं. म्हणजे खेळाची लाज राखायची असते तेव्हा कोर्टाची वाट पाहायची नाही, हा शंभर वर्षांचा रिवाज आहे. कोर्टाची आठवण होते ती बाईला मार बसल्यावर.

आपल्या वाचकांना यात परकं काही वाटू नये. आपल्याकडे तलाठी, पोलीस शिपाई किंवा शिक्षक यांच्यापैकी कुणावर गंभीर आरोप झाला की विभागीय चौकशी लागते, आणि ती खटल्यापासून स्वतंत्र चालते. सरकारी नोकर 48 तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला तर नियमानेच निलंबित मानला जातो. त्याला निर्वाह भत्ता मिळतो, कारण निलंबन ही शिक्षा नव्हे. खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, कारण तिथे माणसाचं स्वातंत्र्य जातं. विभागीय चौकशीत शक्यतेचं पारडं कुठे झुकतं ते पाहतात, कारण तिथे फार तर नोकरी जाते. ही पद्धत निर्दोष नाही. वर्षानुवर्षं रेंगाळलेल्या चौकश्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पण ज्याला करोडो लोक पाहतात, ज्याच्या नावाचा शर्ट आपल्या मुलांच्या अंगात असतो, त्याच्यासाठी तलाठ्यापेक्षा सैल नियम कशासाठी?

एनएफएलकडे चौकशीची ताकद नव्हती असंही नाही. 2015 मध्ये न्यू इंग्लंड पेट्रिअट्सने चेंडूतली हवा कमी केली की नाही, हे शोधायला लीगने नामांकित वकील नेमले, 243 पानांचा अहवाल तयार करून घेतला आणि त्या संघाच्या टॉम ब्रेडीला चार सामन्यांची शिक्षा दिली. त्याच उन्हाळ्यात ग्रेग हार्डी या खेळाडूची शिक्षा लवादाने दहा सामन्यांवरून चारवर आणली. हार्डीला मैत्रिणीला मारहाण केल्याबद्दल नॉर्थ कॅरोलायनातल्या न्यायाधीशांनी 2014 मध्ये दोषी ठरवलं होतं. त्याने ज्युरीसमोर फेरखटला मागितला, तक्रारदार बाई तिथे हजर झाली नाही आणि खटला बारगळला. चेंडूतली हवा चार सामने, बाईची मान धरणं चार सामने. लवादाने हार्डीची शिक्षा कमी केली ती घटना नव्या नियमाआधीची म्हणून, आणि तेवढ्यापुरतं ते कायद्याला धरून होतं. पण मग तो नियम आधी का नव्हता? डिसेंबर 2012 मध्ये चीफ्सच्या जोवान बेल्चरने आपल्या तीन महिन्यांच्या मुलीच्या आईला गोळ्या घातल्या आणि क्लबच्या आवारात प्रशिक्षकांसमोर स्वतःलाही संपवलं. दुसऱ्या दिवशी त्याच शहरात ठरलेला सामना ठरलेल्या वेळी झाला. त्याच्याही आधी, 1989 मध्ये, माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सनने पत्नीला मारहाण केल्याच्या आरोपाला न्यायालयात आव्हान दिलं नाही. त्यानंतर तो पाच वर्षं एनबीसी वाहिनीवर याच लीगच्या सामन्यांचं विश्लेषण करत होता. 1994 मध्ये ती मारली गेली. फौजदारी खटल्यात तो सुटला, पुढे दिवाणी ज्युरीने तिच्या मृत्यूला त्याला जबाबदार धरलं. इशारे कमी नव्हते.

दुसरा आक्षेप मला याहून फार जड वाटतो, आणि आजन्म बंदी मागणाऱ्यांनी तो नीट ऐकला पाहिजे. शिक्षा जितकी मोठी, तितकं बाईचं तोंड बंद. खेळाडूची कारकीर्द चार-सहा वर्षांची, घरात येणारा पैसा एकाच माणसाचा, मुलं लहान. मारहाणीची तक्रार केली तर संसारच कोसळणार हे तिला ठाऊक असेल, तर ती फोन उचलेल का? राइस प्रकरणानंतर अमेरिकेत पीडित स्त्रियांसोबत काम करणाऱ्या संस्थांनीच सांगितलं की एका फटक्यात हाकलून देण्याच्या धोरणाने तक्रारी कमी होतील, मारहाण नाही. आणि नवऱ्याची रोजीरोटी जाते, तेव्हा त्याच्या रागाचा पहिला धनी कोण होतो, हे सांगायला अभ्यासाची गरज नाही. राइसच्या पत्नीला मे 2014 मध्ये क्लबच्या पत्रकार परिषदेत बसवून, त्या रात्रीच्या आपल्या वाट्याबद्दल खेद व्यक्त करायला लावलं गेलं, आणि क्लबने तिचं ते वाक्य अभिमानाने प्रसिद्धही केलं. मार खाल्लेल्या बाईने माफी मागितली, कारण घर त्या करारावर चाललं होतं.

हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण त्यातून शिक्षाच नको हा निष्कर्ष निघत नाही. निघतं ते इतकंच की शिक्षा बाईच्या ताटातून काढून घेतल्यासारखी नसावी. खेळाडूचं मानधन थांबवताना त्यातला हिस्सा थेट तिच्या आणि मुलांच्या नावावर जाईल, तोही नवऱ्याच्या मर्जीशिवाय, अशी तरतूद करारात लिहिता येते. चौकशी चालू असताना राहायला दुसरी जागा, क्लबशी संबंध नसलेला वकील, समुपदेशक, हे लीगच्या खर्चाने देता येतं. अब्जावधी डॉलर उलाढाल असणाऱ्या संस्थांना हे परवडत नाही असं कुणी म्हणू नये. दुसरं म्हणजे, चौकशीचा सगळा भार तिच्या जबाबावर टाकू नये. ब्राउनच्या वेळी पत्नी बोलत नाही म्हणून लीगने हात वर केले. सामनानिश्चितीत सट्टेबाज बोलत नाही म्हणून कुणी फाइल बंद करतं का? फोनच्या नोंदी, शेजारी, डॉक्टर, हॉटेलचे कर्मचारी यांच्याकडे जातातच ना? आणि तिसरं, शिक्षेला परतीची वाट असावी. काही सामने, सक्तीचे उपचार, मग ठरावीक काळ देखरेख, आणि पुन्हा घडलं तर दीर्घ बंदी. परतीची वाट दिसत असेल तर ती बाईसुद्धा बोलण्याचा धोका पत्करू शकते.

तिसरा मुद्दा खोट्या आरोपांचा. आपल्याकडे जुन्या दंडसंहितेतल्या 498अ (विवाहितेचा छळ) कलमावरून हा वाद किती कडवट झाला आहे ते सगळ्यांना माहीत आहे, आणि सरसकट अटक करू नका असं सर्वोच्च न्यायालयानेच 2014 मध्ये बजावलं आहे. निर्दोष माणसाची कारकीर्द जाऊ शकते, हे खरं आहे. ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगने 2019 मध्ये नियम केला की 11 वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप ठेवला गेला तर खेळाडू आपोआप मैदानाबाहेर, पण पगार पूर्ण. जॅक डी बेलिनवर लैंगिक अत्याचाराचा आरोप होता. त्याने या नियमाला आव्हान दिलं आणि तो हरला. पुढे दोन वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही, आणि 2021 मध्ये सरकारी पक्षाने खटला सोडून दिला. दोष कधी सिद्ध झाला नाही, आणि ऐन उमेदीतली दोनहून अधिक वर्षं गेली. ही किंमत लहान आहे असं मी म्हणणार नाही. पगार सुरू राहिला म्हणून ती वर्षं परत येत नाहीत. म्हणूनच मला फक्त थांबवून ठेवण्याचा नियम अपुरा वाटतो. कोर्टाचं घड्याळ संथ असतं. लीगची स्वतःची चौकशी ठरलेल्या मुदतीत, समजा तीन-चार महिन्यांत, संपली पाहिजे, म्हणजे निर्दोषही लवकर मोकळा होईल. चौकशी म्हणजे ठरलेली शिक्षा नव्हे. पुरुषांच्या टेनिसची संघटना असलेल्या एटीपीने अलेक्झांडर झ्वेरेव्हवरच्या आरोपांची चौकशी केली आणि जानेवारी 2023 मध्ये पुरावा अपुरा म्हणून कारवाई केली नाही. मात्र त्यासाठी तिला सव्वा वर्ष लागलं.

वर्णाचा मुद्दाही टाळता येणार नाही. एनएफएलमध्ये बहुसंख्य खेळाडू काळे आहेत, मालक जवळजवळ सगळे गोरे, आणि अनेक वर्षं आयुक्त हाच फिर्यादी, हाच न्यायाधीश होता. 2017 मध्ये इझिकिएल एलियटवर ओहायोतल्या सरकारी वकिलांनी आरोप ठेवले नाहीत, तरी त्याला सहा सामने मिळाले. जॉश ब्राउन, जो गोरा होता, त्याला आधी एक. यावरून कुणी म्हणेल की अशा संस्थेच्या हाती शिक्षेचा अधिकारच नको. मी म्हणेन, आयुक्ताच्या हाती नको. बेसबॉलने ऑगस्ट 2015 मध्ये खेळाडूंच्या संघटनेशी बोलणी करून संयुक्त धोरण केलं, त्यात खटला न होताही शिक्षा देता येते आणि खेळाडूला लवादाकडे दाद मागता येते. ते धोरण बरंचसं टिकलं, ते संघटनेची सही होती म्हणूनच. त्यातही एक भोक राहिलं: किमान-कमाल शिक्षा लिहिलेली नाही. बास्केटबॉलमधल्या स्त्रियांच्या लीगने 2015 मध्ये ब्रिटनी ग्रायनर आणि ग्लोरी जॉन्सन या दोघींना घरातल्या मारामारीबद्दल प्रत्येकी सात सामने दिले होते. तेव्हा हा प्रश्न फक्त पुरुषांचा आहे असं मानून नियम लिहू नयेत.

आणि क्लब? सगळी चर्चा खेळाडूभोवती फिरते आणि ज्यांनी त्याला विकत घेतलं ते सुटतात. मला सर्वांत जास्त संताप येतो तो इथे. 2015 च्या डिसेंबरमध्ये आरोल्डिस चॅपमन या बेसबॉल खेळाडूचा लॉस एंजेलिस डॉजर्सशी होऊ घातलेला व्यवहार थांबला, कारण मैत्रिणीचा गळा दाबल्याचा आणि गॅरेजमध्ये गोळ्या झाडल्याचा आरोप समोर आला. त्याच महिन्यात न्यूयॉर्क यँकीजने त्याला घेतलं, आणि आरोपामुळे किंमत खाली आली होती हे त्यांच्या व्यवस्थापकांनी लपवलं नाही. चॅपमनने हात उगारल्याचं नाकारलं, त्याच्यावर खटला झाला नाही, नव्या धोरणाखाली 30 सामन्यांचं निलंबन त्याने स्वीकारलं. जुलै 2016 मध्ये यँकीजने चार खेळाडूंच्या बदल्यात तो शिकागो कब्जला दिला, कब्जने 108 वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि डिसेंबरमध्ये यँकीजने त्याला पाच वर्षांसाठी 86 दशलक्ष डॉलरना परत आणलं. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने 2018 मध्ये रोबेर्टो ओसुनाला घेतलं तेव्हा तो 75 सामन्यांचं निलंबन भोगतच होता. पुढच्या वर्षी त्याच क्लबच्या एका अधिकाऱ्याने विजयाच्या जल्लोषात महिला पत्रकारांकडे पाहून ओसुना मिळाल्याबद्दल ओरडून आनंद व्यक्त केला, आणि त्याची नोकरी गेली, तीही क्लबने आधी बातमी खोटी ठरवण्याचा प्रयत्न केल्यानंतर. बाईला झालेली इजा बाजारात सवलत बनत असेल, तर खेळाडूचे सामने मोजून काय साधणार? निलंबित खेळाडू घेणाऱ्या क्लबचा त्या वर्षीच्या नव्या खेळाडूंच्या निवडीतला हक्क कापावा, आणि माहिती असून दडवणाऱ्या क्लबचे गुण. राइस परत खेळला नाही, याचं श्रेय लीगच्या तत्त्वांना देता येत नाही. आदल्या हंगामात त्याचा खेळ घसरला होता, धाव सरासरी 3.1 यार्डांवर आली होती. हंट चांगला धावत होता, त्याला दोन-अडीच महिन्यांत दुसरा क्लब मिळाला आणि 2024 मध्ये चीफ्सनेच त्याला परत घेतलं.

भारतात आपण यापासून फार लांब नाही, उलट मागे आहोत. मार्च 2018 मध्ये मोहम्मद शमीवर पत्नीने मारहाणीसह अनेक आरोप केले. शमीने ते फेटाळले, आणि त्यांचा निवाडा न्यायालयच करेल. मला बोलायचं आहे ते क्रिकेट मंडळाबद्दल. मंडळाने त्याचा वार्षिक करार रोखला आणि चौकशी लाचलुचपतविरोधी पथकाकडे सोपवली, ती फक्त पैशांच्या व्यवहाराच्या आरोपापुरती. त्यात काही आढळलं नाही, आणि महिना संपायच्या आत करार मिळाला. मारहाणीच्या आरोपाकडे मंडळाने पाहिलंच नाही. त्याने शमीचंही भलं झालं नाही. नीट चौकशी होऊन तो निर्दोष ठरला असता तर ते त्याच्या हाती राहिलं असतं. दहा महिन्यांनी, जानेवारी 2019 मध्ये, हार्दिक पांड्या आणि के. एल. राहुल यांनी दूरचित्रवाणीवर बायकांबद्दल असभ्य विधानं केली. आठवड्याच्या आत दोघांना ऑस्ट्रेलियातून परत बोलावलं, पुढे लोकपालांनी प्रत्येकी 20 लाखांचा दंड केला. ती विधानं वाईटच होती. पण बोलण्याची चौकशी होते आणि मारल्याच्या आरोपाची होत नाही, याला कोणता नियम म्हणायचा? की पुन्हा तेच, एक गोष्ट सगळ्यांनी पडद्यावर पाहिली आणि दुसरी नाही?

आपल्याकडे अडचण आणखी एक आहे. बेसबॉलमध्ये धोरणावर सही करायला खेळाडूंची संघटना होती. आपल्याकडची संघटना निवृत्त क्रिकेटपटूंची आहे, खेळत्या खेळाडूंच्या वतीने बोलणारं कुणी नाही. त्यामुळे मंडळाने उद्या एकतर्फी नियम केला तर तो मनमानी होईल, आणि न केला तर आजच्यासारखं प्रकरणागणिक सोयीने चालेल. पण मंडळाकडे लोकपाल हे पद आधीपासून आहे, लाचलुचपतविरोधी पथकाच्या रूपाने तपासाची यंत्रणा आहे, केंद्रीय करार दर वर्षी नव्याने होतात आणि आयपीएलचे करारही ठरावीक मुदतीचेच असतात. अशा तक्रारी मंडळाच्या पदाधिकाऱ्यांकडे न जाता थेट लोकपालांकडे जाव्यात, तपासाला बाहेरच्या अनुभवी स्त्री अधिकारी असाव्यात, चौकशीच्या काळात खेळाडूचं मानधन चालू राहावं आणि त्यातला हिस्सा कुटुंबाला स्वतंत्रपणे मिळावा, मुदत चार महिन्यांची असावी, आणि संघमालकाने माहिती दडवली तर दंड त्यालाही व्हावा. ही पाच कलमं करारात घालायला कोणत्याही कायद्यात बदल करावा लागत नाही. ती लिहायची वेळ तेव्हाच असते, जेव्हा कुठल्याही मोठ्या खेळाडूचं नाव मथळ्यात नाही आणि कोणत्याही संघाचा अंतिम सामना तोंडावर नाही.